मारुती ८०० (१९९८): सकाळी सेल्फ नुसता 'टक' करतो आणि घाटात मिसिंग. सुरुवात कुठून करावी?

जुनी_आठशे (नाशिक रोड)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंटचा, म्हणजे यांत्रिक स्विचचा. बॅटरी ३५ एएचची, आठ महिने जुनी.

सकाळी चावी फिरवली की बऱ्याचदा एकच 'टक' येतो आणि पुढे काही नाही. तीन-चार वेळा चावी मारली की सेल्फ (स्टार्टर मोटार) घेतो, पण जड फिरतो. थंडी वाढली तसं हे वाढलंय. गाडी चांगली गरम असताना पेट्रोल भरायला बंद केली तर कधीकधी तो 'टक'सुद्धा येत नाही. हेडलाइट लावून बघितले, 'टक' होताना थोडेच मंद होतात.

दुसरं दुखणं मिसिंगचं, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटत नाही. स्लोवर (पाय न दाबता) इंजिन थरथरतं. कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी धक्के देते. त्र्यंबकच्या बाजूला पावसात गेलं की हे जास्तच.

नवीन प्लग आणि एअर फिल्टर टाकलेत, कार्बोरेटर साफ केलाय. आता गॅरेजवाले म्हणतात सेल्फ खोलून भरा (आतल्या तारा नव्याने गुंडाळा) आणि एचटी कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी) बदला. खर्च करायला हरकत नाही, पण आधी नेमकं काय गेलंय ते कळावं. घरी डिजिटल मल्टिमीटर, फीलर गेज, प्लगपाना आणि रिंगपान्यांचा सेट आहे. क्रमाने काय काय तपासू?

तांब्याची_तार

दादा, अजून एकही नट सोडू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांत एक गोष्ट ठळक आहे: 'टक' येतो पण दिवे फारसे मंद होत नाहीत. बॅटरी खरंच बसली असती तर दिवे विझायला आले असते आणि सोलेनॉइडने (सेल्फवरचा विजेचा स्विच) 'टकटकटकटक' असा ताशा वाजवला असता. त्यात दोन गुंडाळ्या असतात, एक प्लंजर आत ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. व्होल्टेज पडलं की पकड सुटते, लोड गेला की व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढलं जातं, म्हणून ती टकटक. एकच ठाम 'टक' म्हणजे प्लंजर ओढला गेला पण मोटारीपर्यंत जोराचा करंट पोचत नाही. आणि काहीच आवाज नसणं म्हणजे सोलेनॉइडला चावीचा हुकूमच मिळालेला नाही. तुमच्याकडे हे दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे दोन्ही वाटा मोजाव्या लागतील.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, मग मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पावच शिल्लक. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्या, नाहीतर पुढची सगळी मापं फसवतील.

मग इंजिन स्टार्ट होऊ नये म्हणून कॉइलच्या प्लसवरची बारीक वायर काढून तिला टेप लावा. मधली जाड एचटी वायर नुसती उपटून हवेत लोंबकळत ठेवू नका. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते, आणि चांगली कॉइल तपासणीतच मरते.

आता एकाला चावीवर बसवा आणि सेल्फ फिरत असताना ही मापं घ्या. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर: ९.६ च्या खाली जाता कामा नये.
मल्टिमीटरची लाल काडी सेल्फच्या बॉडीवर, काळी बॅटरीच्या मायनस खुंटीवर: जास्तीत जास्त ०.३ व्होल्ट.
लाल बॅटरीच्या प्लस खुंटीवर, काळी सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या जाड बोल्टवर: जास्तीत जास्त ०.५.
सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये: ०.३ च्या आत.
सोलेनॉइडच्या बारीक वायरीच्या टोकापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत: ९ तरी हवेत, जितके जास्त तितकं बरं.

काडी खुंटीच्या शिशावर टेकवायची, क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला पांढरा थर हाच कितीदा तरी चोर असतो. दुसऱ्या मापात क्लॅम्पवर काडी ठेवली तर तो चोर मापाच्या बाहेरच राहतो.

माझा पहिला संशय अर्थिंगवर आहे. सेल्फ शंभरेक अँपिअर खेचतो आणि तो सगळा करंट इंजिन-गिअरबॉक्समधून मायनसच्या केबलनेच परत जातो. केबलच्या टोकाच्या लगखाली गंज असेल तर तो दुसरी वाट शोधतो: चोकची केबल, अॅक्सिलरेटरची केबल. चार-पाचदा सेल्फ मारल्यावर चोकच्या केबलला हात लावून बघा. कोमट लागली तर उत्तर मिळालं.

आणि यामुळे ठिणगीही मार खाते. पॉइंटच्या डेल्कोत कॉइलचा करंट डेल्कोच्या बॉडीतून इंजिनला अर्थ होतो. सेल्फ फिरताना अर्थिंगमध्ये दीड व्होल्ट गेले तर कॉइललाही दीड व्होल्ट कमी. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या हिशेबाने चालते. १२ ऐवजी ८ व्होल्ट मिळाले तर करंट दोन तृतीयांश आणि ऊर्जा निम्म्याहून कमी. त्यामुळे सेल्फ आणि मिसिंग ही दोन दुखणी एकाच वायरीतून येत असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

दुरुस्ती अवघड नाही. मायनस आधी काढायचा, शेवटी लावायचा. बॅटरीच्या खुंट्या, बॉडीवरचा बोल्ट आणि गिअरबॉक्सवरचा बोल्ट तिन्ही सोडा, पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली जोडायच्या आधी मध्ये भरू नका. खुंटीवरचं पांढरं-हिरवं किटण कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा, पण बॅटरीची झाकणं घट्ट बंद ठेवा. सोडा आत गेला तर अॅसिड मारतो. केबलचं रबर लगपाशी फुगलेलं असेल तर आतलं तांबं हिरवं पडलेलं असतं. तेव्हा घासत बसू नका, २५ चौरस मिमीची नवी तांब्याची केबल टाका. लग हातोडीने चेपून घेऊ नका. सातपूर-अंबडला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांकडे हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन असतं, तिथे दाबून घ्या.

फीलर_गेज

वरची मापं अगदी बरोबर आहेत, ती घ्याच. पण शेवटचा मुद्दा मला मान्य नाही, कारण त्याने शोध चुकीच्या दिशेला जाईल. सेल्फ फिरताना खराब अर्थिंग ठिणगी कमजोर करतं हे खरं. इंजिन चालू झाल्यावर मात्र करंट अल्टरनेटर देतो, आणि अल्टरनेटर इंजिनलाच बोल्ट केलेला असतो. कॉइलमधून पॉइंटवाटे इंजिनला आलेला करंट थेट अल्टरनेटरच्या बॉडीत परत जातो, बॅटरीच्या मायनस केबलची त्याला गरजच नाही. त्यामुळे चालत्या गाडीतली, त्यातही घाटातली आणि पावसातली मिसिंग, अर्थिंगवर ढकलू नका. खराब अर्थिंगने चालत्या गाडीत होतं ते एवढंच, की बॅटरी पुरती चार्ज होत नाही. ती दोन वेगळी दुखणी समजूनच चला.

मिसिंगसाठी आधी कुठला सिलिंडर मेलाय ते शोधा. इंजिन गरम करा, स्लो थोडा वाढवा. मग इन्सुलेशनच्या पकडीने एकेका प्लगची टोपी काढा, पण काढलेल्या टोपीत एक जुना प्लग खोचून तो ब्लॉकला टेकवून ठेवा, म्हणजे कॉइल सुरक्षित राहते. टोपी काढल्यावर इंजिन झपकन खाली बसलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक गेला की तिसरा हिस्सा ताकद गेली, म्हणून थरथर एवढी जाणवते.

आळशी सिलिंडर सापडला की अदलाबदल. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. दुखणं प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब, नवीन असला तरी. सरकलं नाही तर वायरीची अदलाबदल करा, लांबी पुरत असेल तर. दोन्हींनी सरकलं नाही तर मग डेल्कोची कॅप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन किंवा मॅनिफोल्डमधून हवा घेणं.

प्लग नुसता 'नवीन टाकला' म्हणून सोडून देऊ नका. गॅप मोजा. पॉइंटच्या डेल्कोला ०.७ ते ०.८ मिमी. डब्यातून आलेला प्लग १.० किंवा १.१ चा असला तर स्लोवर चालेल आणि घाटात फसेल. याचं कारण असं: पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो, आणि दाब वाढला की तेवढाच गॅप ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज मग दुसरी सोपी वाट शोधतं: वायरीच्या टोपीतली चीर, कॅपमधला कार्बनचा माग. पावसात ती वाट अजून सोपी होते. घाट आणि पाऊस या दोन्हींत वाढणारी मिसिंग जवळजवळ नेहमी एचटीच्या बाजूचीच असते, म्हणून मी कार्बोरेटरकडे सगळ्यात शेवटी वळेन.

प्लग बसवताना इंजिन थंड हवं. हेड अॅल्युमिनियमचं आहे. हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग नवीन वॉशर असेल तर पान्याने अर्धा ते पाऊण फेरा, बस.

एचटी वायरी मीटरवर मोजा, मोजताना वाकवून, हलवून बघा. एकेक वायर २० किलोओहमच्या आत हवी. वाकवल्यावर आकडा उडी मारत असेल किंवा मीटर अनंत दाखवत असेल तर ती गेली. एकच बदलू नका, पूर्ण संच बदला. बसवताना फायरिंग ऑर्डर १-३-२ लक्षात ठेवा, आणि वायरी काढायच्या आधी टेपने नंबर टाका.

डेल्कोची कॅप उन्हात धरून आतून बघा. दोन खुंट्यांमध्ये केसासारखी काळी रेघ असेल तर तो कार्बनचा माग. घासून जात नाही, कॅप बदलायची. मधलं स्प्रिंगवरचं कार्बनचं बटण दाबून सुटतंय का बघा. रोटरच्या टोकाची पांढरी पूड पुसा, टोक जळून आखूड झालं असेल तर रोटरही नवा. रात्री अंगणातला दिवा बंद करून, इंजिन चालू ठेवून, झाडांवर मारायच्या फवाऱ्याने वायरींवर अगदी हलका फवारा मारला तर निळ्या ठिणग्या कुठून पळतात ते डोळ्यांना दिसतं. हात आणि बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा.

मग पॉइंट. गॅप ०.४ ते ०.५ मिमी, कॅमच्या सगळ्यात उंच भागावर फायबरची टाच असताना. एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकाड उभं राहिलं असेल तर कंडेन्सरही बदला. कंडेन्सर स्वस्त वस्तू आहे, पॉइंटबरोबर नेहमीच नवा टाकावा. डेल्कोचा शाफ्ट बोटाने बाजूला हलवून बघा. त्यात खेळ असेल तर गॅप दर सिलिंडरला वेगळा पडतो आणि कितीही सेट केला तरी टिकत नाही.

एक छोटी तपासणी बहुतेक जण विसरतात. व्हॅक्युम अॅडव्हान्सची (इंजिनच्या हवेच्या ओढीवर ठिणगी लवकर आणणारी) नळी कार्बोरेटरकडून काढा आणि तोंडाने ओढा. डेल्कोतली प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने नळी बंद केल्यावर तशीच राहिली पाहिजे. हवा नुसती येत राहिली तर डायफ्राम फाटलाय. मग अॅडव्हान्स मिळत नाही आणि मॅनिफोल्डमध्ये जास्तीची हवाही शिरते.

अंबडचा_फिटर

वरच्या दोघांच्या मापांनंतरही सेल्फवरच बोट आलं तरच तो खोला. खोलायच्या आधी एक फुकटची चाचणी. सेल्फ नुसता 'टक' करेल तेव्हा चावी बंद करा, गाडी चौथ्या गिअरला टाका, हाताने वीतभर ढकला, न्यूट्रल करा आणि पुन्हा चावी मारा. लगेच घेतला आणि असं वारंवार झालं तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघायला हवेत. तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण तीनच जागांवर येऊन थांबतं, म्हणून रिंग त्या तीन जागी जास्त झिजते. मात्र दात झिजले असतील तर नुसता 'टक' नाही, दातांचा 'खर्रर्र' आवाजही येतो. आणि सेल्फ घरघर फिरतोय पण इंजिन ढिम्म, असं असेल तर बेंडिक्सचा (सेल्फला फ्लायव्हीलशी जोडणारा भाग) क्लच सटकलाय.

गरम गाडीत सेल्फ न घेण्याची दोन नेहमीची कारणं. बुश झिजले की अर्मेचर (मोटारीचा फिरता भाग) खाली बसतं आणि पोलला घासतं. गरम झाल्यावर ती फट आणखी कमी होते. तेव्हा सेल्फ करंट भरपूर खेचतो, दिवे एकदम मंद होतात, पण फिरत नाही. तुमच्याकडे मात्र गरम असताना आवाजच नाही, म्हणजे बारीक वायरीची वाट बघा. गरम झालेल्या सोलेनॉइडच्या गुंडाळीचा रोध वाढतो, तिला ओढायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि पंचवीस वर्षं जुन्या इग्निशन स्विचमधून तेवढं येत नाही.

त्यावर पक्का उपाय रिले. चार टोकांचा ३० अँपिअरचा घ्या. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज लावून जाड वायर, ८७ वरून सोलेनॉइडचं बारीक टोक, ८६ ला चावीकडून आलेली जुनी वायर, ८५ अर्थ. चावीच्या स्विचवरचा भार त्यामुळे अगदी नाममात्र राहतो.

सेल्फ खोललाच तर सगळं एकदमच बघून घ्या. कार्बन (ब्रश) नव्याच्या निम्म्यावर आले असतील तर बदला, स्प्रिंगसकट. कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करायचा, एमरी पेपर नको. एमरीचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांच्या मधल्या खाचेत अडकून शॉर्ट करतात. खाचांमधला अभ्रक तांब्याच्या अर्धा मिमी खाली असला पाहिजे, तो वर आला असेल तर जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने कोरा. नवे बुश ठोकायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. बेंडिक्सच्या शाफ्टला ग्रीस थापू नका. क्लचची धूळ त्यात अडकून पिनियन जाम होतो, तेलाचा हलका हात पुरे.

कोणी सांगेल की सेल्फवर हातोडीच्या लाकडी दांड्याने टिचकी मारली की घेतो. घेतो खरा, कारण अडकलेला कार्बन खाली बसतो. पण त्याचा उपयोग गाडी घरी आणण्यापुरताच.

थंडीत जड फिरतो म्हणताय, तर इंजिनमध्ये २०डब्ल्यू-५० तर नाही ना भरलेलं? आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर त्याहून खाली. अशा पहाटे ते तेल गुळाच्या पाकासारखं होतं. ऑइल बदलायची वेळ आलीच असेल तर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडपैकी पातळ ग्रेड घ्या.

जेट_नंबर

इग्निशन साफ निघालं तर पेट्रोलकडे या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९९८ ची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. पाइप आतून फुगतो, त्याचे काळे कण सुटतात आणि कार्बोरेटरच्या निडल व्हॉल्व्हवर किंवा जेटमध्ये अडकतात. कार्बोरेटर साफ केल्यावर महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार येते ती यामुळे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी तुकडे इथेनॉल चालणाऱ्या इंजेक्शन ग्रेडच्या पाइपाने बदला, फिल्टरही. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रामही त्याच वयाचा असतो.

पेट्रोल कमी पडण्याची मिसिंग आणि ठिणगीची मिसिंग पायाला वेगवेगळी लागते. ठिणगी चुकली की झटका तीव्र, सुईसारखा. पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू ओढ सोडते, पाय ढिला केला की सावरते.

इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, म्हणून स्लोचा मिक्स्चर स्क्रू पाव फेरा बाहेर घेऊन बघा, पण पीयूसीच्या मशिनवर आकडे बघतच. या वयाच्या गाडीला सीओची (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ३ टक्के आहे. एचसी (न जळलेलं पेट्रोल) खूप वर आणि सीओ कमी दिसला तर मिश्रण पातळ आहे किंवा ठिणगी चुकतेय. दोन्ही वर दिसले तर मिश्रण जाड, चोक पूर्ण उघडतोय का बघा.

जुनी_आठशे

सगळ्यांचे आभार. रविवारी मापं घेतली.

बॅटरी १२.५८. सेल्फ फिरताना खुंट्यांवर १०.४. सेल्फची बॉडी ते मायनस खुंटी १.४. प्लसच्या बाजूला ०.३. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांत ०.१. बारीक टोकावर ७.६. चोकची केबल खरोखर कोमट झाली होती.

टोपी काढून बघितलं तर दोन नंबरला काहीच फरक पडत नाही. प्लग बदलून बघितला, दुखणं सरकलं नाही. एचटी वायरी: एक नंबर ९ किलोओहम, तीन नंबर ११, दोन नंबर सरळ धरली तर ६०, वाकवली तर अनंत. प्लगचे गॅप तिन्हींचे १.१ निघाले. पॉइंटचा गॅप ०.२५. कॅपमध्ये रेघ दिसली नाही. आता कुठल्या क्रमाने करू? आणि कॉइल बदलायची का?

तांब्याची_तार

१.४ व्होल्ट म्हणजे अर्थिंगच. बॅटरीकडून १०.४ निघाले, त्यातले १.४ मायनसमध्ये आणि ०.३ प्लसमध्ये गेले, सेल्फच्या वाट्याला जेमतेम ८.७ उरले. सेल्फ निर्दोष दिसतोय, भरायला देऊ नका. बारीक टोकाचा हिशेब करा: १०.४ मधून अर्थिंगचे १.४ वजा केले तर ९ यायला हवे होते, आले ७.६. म्हणजे आणखी १.४ चावीच्या स्विचमध्ये आणि जोडांमध्ये जातात. अर्थिंग केल्यावर हे टोक ९ च्या जवळ येईल, पण गरम गाडीत पुन्हा दगा देईल, म्हणून फिटरभाऊंनी सांगितलेला रिले टाकाच.

हे झाल्यावर इंजिन साधारण २००० आरपीएमवर ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. आजवर अपुरी चार्ज होत असेल तर एकदा रात्रभर चार्जरवर लावा. फीलर_गेज यांचा अल्टरनेटरचा मुद्दा बरोबर आहे, चालत्या गाडीतल्या मिसिंगबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो.

फीलर_गेज

कॉइल बदलू नका. एक आणि तीन नंबर नीट चालतायत आणि तिन्ही सिलिंडरना ठिणगी एकच कॉइल देते. कॉइल गेली असती तर तिन्ही रडले असते.

वायरींचा नवा संच, प्लगचे गॅप ०.८, नवे पॉइंट-कंडेन्सर. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पॉइंटचा गॅप, नंतरच टायमिंग. फायबरची टाच झिजून तुमचा गॅप ०.२५ वर आलाय. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग मागे पडतं. घाटात ओढ नसण्यात त्याचाही वाटा असणार. गॅप ०.४५ ला आणला की टायमिंग आपोआप पुढे सरकेल, आणि जुन्या चुकीवर कोणी आधीच डेल्को फिरवून ठेवला असेल तर जरुरीपेक्षा जास्त पुढे जाईल, मग चढावर खडखड येईल. म्हणून टायमिंग लाइटने बघितल्याशिवाय सोडू नका. लाइट एक नंबरच्या वायरीला, व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद केलेलं, इंजिन गरम, स्लोवर. गिअरबॉक्सच्या खिडकीतून फ्लायव्हीलवरची खूण बघायची आणि कंपनीच्या पुस्तकातल्या अंशांवर आणायची. पॉइंटच्या टाचेला डेल्कोच्या ग्रीसचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका लावा. ते कोरडं राहिलं म्हणूनच टाच लवकर झिजते.

नव्या टोप्यांत आतून सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा, त्र्यंबकच्या पावसात त्याचा उपयोग होईल.

जुनी_आठशे

अर्थिंग घासून नवी केबल टाकली, माप ०.१५ आलं. रिलेनंतर बारीक टोकावर ९.९. चार दिवस सकाळी पहिल्या चावीला घेतेय, गरम गाडीतही दोनदा बंद करून बघितली, आवाज नीट. चार्जिंग १४.१. वायरी, पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग झालं. दोन नंबरची टोपी काढली की आता इंजिन बसतं, पण एक आणि तीनला जेवढं बसतं त्यापेक्षा किंचित कमी. स्लोवर अगदी बारीक थरथर आहे, वेग घेतला की जाते. त्यासाठी काय बघू?

फीलर_गेज

स्लोवर आहे आणि वेगात जाते, म्हणजे दोन नंबरला कुठून तरी हवा मिळतेय किंवा व्हॉल्व्हची बैठक नीट नाही. इंजिन थंड असताना साबणाचं पाणी ब्रशने इनटेक मॅनिफोल्डच्या दोन नंबरच्या गॅस्केटवर आणि कार्बोरेटरच्या बुडाशी लावा, मग स्लोवर ठेवा. पाणी आत ओढलं गेलं आणि स्लो बदलला तर तिथेच गळती. कार्बोरेटर नुकताच काढून लावलाय, त्याखालचं गॅस्केट जुनंच असेल तर आधी तिकडे बघा. नट एका बाजूने पूर्ण न आवळता आलटूनपालटून आवळा. पेट्रोल शिंपडून ही तपासणी करायची पद्धत आहे, ती करू नका, चालू इंजिनवर आग लागू शकते.

तिथे काही नसेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट. थंड इंजिनवर ०.१५ मिमीच्या आसपास असतात. इनटेक आणि एक्झॉस्टचा नेमका आकडा पुस्तकातून घ्या. एक्झॉस्टचा गॅप खूप कमी झाला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि स्लोवर तोच सिलिंडर अशक्त राहतो. वेगात गळतीला वेळ कमी मिळतो, म्हणून तेव्हा जाणवत नाही.

टॅपेट सेट झाल्यावरच कॉम्प्रेशन घ्या: इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची बारीक वायर काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे गेज पुस्तकातल्या आकड्यापेक्षा सहा-सात टक्के कमी दाखवेल, तेवढ्याने घाबरू नका. खरं बघायचं ते तिन्हींमधला फरक. तो १ किलोच्या (दर चौरस सेंमीला) आत हवा. दोन नंबर त्याहून कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. तिन्ही आकडे इथे टाका, मग हेड उतरवायचं की नाही ते बोलू.